मैदान ताणलं, तर भिंत कुठे बांधायची?

प्रश्न : भाचा टेक्सासात शिकतो, त्याच्या नादाने मीही शनिवारी रात्री जागून अमेरिकन कॉलेज फुटबॉल पाहते. ‘स्प्रेड’ खेळणारे चार-चार रिसिव्हर (पास झेलणारे) लांब पसरवतात. बचाववाल्यांनी उभं राहायचं कुठे?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, गोल्फ क्लब मैदानावर पोरांना कबड्डी शिकवण्यात माझी हयात गेली, तेव्हा उदाहरणं तिथलीच येणार.

मैदान 53 यार्डांहून थोडं रुंद, माणसं 11च. म्हणून एक धिप्पाड लाइनबॅकर (पुढच्या फळीमागे उभा राहणारा बचाववाला) बाहेर बसवून मागच्या फळीत पाचवा चपळ बचावपटू आणतात, तो ‘निकेल’. टेक्सासातल्या टीसीयू विद्यापीठाचे तेव्हाचे प्रशिक्षक गॅरी पॅटरसन यांनी तर 4-2-5 (पुढे चार, मध्ये दोन लाइनबॅकर, मागे पाच) हीच नेहमीची मांडणी केली. डाव ज्यांच्यावर किंवा ज्यांच्यामधून सुरू होतो, त्या हॅशच्या खुणांच्या दोन रांगा कॉलेजात 40 फूट अंतरावर असतात. चेंडू एका खुणेवर असला की दुसरी बाजू ऐसपैस मोकळी, आणि निकेल बहुधा तिकडेच.

खरी गंमत ‘झोन रीड’मध्ये, म्हणजे चेंडू धावपटूला द्यायचा की स्वतःकडे ठेवायचा, हे चेंडू खेळवणाऱ्या क्वार्टरबॅकने ऐनवेळी ठरवायच्या चालीत. बचावाच्या पुढच्या फळीतल्या कडेच्या माणसाला, डिफेन्सिव्ह एंडला, मुद्दाम कुणी अडवत नाही; क्वार्टरबॅक त्याच्याकडे नुसता बघतो. एंड आत धावला, की क्वार्टरबॅक चेंडू स्वतःकडे ठेवून बाहेर पळतो. यावर उतारा ‘स्क्रेप’चा : एंड मुद्दामच आत घुसतो आणि लाइनबॅकर त्याच्या मागून वळसा घेऊन बाहेर दबा धरतो. आमचा कोपरा खोटा पाय टाकून चढाईवाल्याला भुलवतो आणि कव्हर येऊन कवळ घालतो, अगदी तस्संच!

पुढच्या शनिवारी चेंडू सोडा, त्या एंडकडे बघा. आणि हो, मोकळ्यात एकट्याची पकड सुटली, तर सगळी मांडणी गेली गोदावरीत.