वादळ गेलं; आधी करवत की आधी रोप?

प्रश्न : ताई, आमच्या शहरातलं छोटं रान वादळात पार उद्ध्वस्त झालं. मोठी झाडं मुळासकट आडवी झाली, पायवाटा बंद झाल्या. आम्ही बरेच स्वयंसेवक दर रविवारी जमतो. अर्ध्यांचं म्हणणं, पडलेलं सगळं उचलून जागा साफ करू आणि पहिल्या पावसात हजार रोपं लावून टाकू. बाकीचे म्हणतात, थोडं थांबू. कोणाचं ऐकायचं?

उत्तर : थांबा म्हणणाऱ्यांचं. थांबायचं ते लागवडीला. बाकी कामं ढीगभर आहेत.

पहिल्या रविवारी करवती घरीच ठेवा आणि माना वर करून नुसतं फिरा. खाली पडलेली फांदी दिसते तरी. तुटून वर अडकलेली दिसत नाही, आणि ती वारा नसतानाही सुटून येते. अशा प्रत्येक झाडाखालची जागा लाल फीत बांधून बंद करा. ढोल्या, घरटी, पोळी कुठे आहेत तेही याच फेरीत टिपून घ्या. जागा ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगी लेखी घ्या, तोंडी नको.

उन्मळलेल्या झाडाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण हौशी मंडळी इथेच जिवावर उदार होतात. झाड आडवं होतं तेव्हा मुळांचा मातीसकट गड्डा भिंतीसारखा उभा राहतो आणि त्याच्यामागे खड्डा पडतो. मुलांना त्या खड्ड्यात उतरायचा भारी मोह होतो. पण तो गड्डा उभा असतो तो केवळ आडव्या खोडाच्या वजनावर. कोणी खोड कापलं की वजन सुटतं आणि गड्डा धाडकन खड्ड्यात परत बसतो, आत जो कोणी असेल त्याच्यासकट. वाकून अडकलेल्या खोडाचंही तसंच. त्याची एक बाजू ताणलेली असते, दुसरी दाबलेली. दाबाच्या बाजूने कापलं तर करवत अडकून बसते. ताणाच्या बाजूने घाईत कापलं तर लाकूड उभं चिरत अंगावर येतं. म्हणून यांत्रिक करवत फक्त प्रशिक्षण घेतलेल्या माणसाच्या हातात. तुम्ही हातकरवतीने तेवढंच कापा जे जमिनीवर सपाट पडलंय आणि मनगटापेक्षा जाड नाही. एवढंच काम कित्येक रविवार पुरेल.

आता साफसफाईबद्दल. 1987 साली 15 आणि 16 ऑक्टोबरच्या मधल्या रात्री दक्षिण इंग्लंडात वादळ झालं, त्यात सुमारे दीड कोटी झाडं पडली. लोक हळहळले, यंत्रं आली, पडलेलं ओढून काढलं, ठिकठिकाणी घाईने नवी लागवड झाली. पुढे तिथल्याच जाणकारांच्या लक्षात आलं, की बऱ्याच जागी वादळापेक्षा या आवराआवरीनेच जास्त नुकसान केलं. जड चाकांनी माती दाबली गेली आणि पडलेल्या फांद्यांच्या आडोशाला उगवू पाहणारी रोपं चिरडली गेली. जिथे हात लावला नाही, तिथे कोवळं रान आपलं आपण वर आलं.

माती दाबली जाते ती बहुतेक पहिल्या काही फेऱ्यांतच. तेव्हा पायवाट अडवणारे ओंडके तेवढे हलवा, बाकीचे जागीच राहू द्या. ओढायची वाट एकच ठरवा आणि ओली माती असताना तिच्यावरही जाऊ नका.

मोठी झाडं पडली म्हणजे जमिनीपर्यंत ऊन पोचलं. त्या उन्हाची वाट पाहत मातीत पडून असलेलं बी आता उगवेल. एक हंगाम जाऊ द्या. वीतभर वाढलेल्या प्रत्येक देशी रोपाशेजारी काठी रोवून खूण करा, नाहीतर तण काढणारा पहिला उत्साही माणूस तेच आधी उपटेल (आणि वर फोटोही काढेल!). याच उन्हावर घाणेरी (टणटणी) आणि रानमोडी ही झपाट्याने पसरणारी परदेशी झुडपंही टपलेली असतात. खरी घाई तिथे करा. घाणेरी नुसती छाटली तर दुप्पट जोमाने फुटते. मातीच्या दोन-तीन बोटं खाली तिचं मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप मुळं वर करून उलटं ठेवायचं, म्हणजे ती पुन्हा मूळ धरत नाही. फुलं-फळं धरायच्या आधी हे उरकलं तर पुढची निम्मी डोकेदुखी वाचते.

एवढं करून वर्षभराने ज्या जागा रिकाम्याच दिसतील, तिथे रोपं लावा. हजार लागणार नाहीत.

प्रश्न : काही झाडं पडली नाहीत, पण कलली आहेत. दोर लावून सरळ करावीत का? आणि फांदी मोडलेल्या जागी डांबर किंवा रंग लावावा का?

उत्तर : डांबर नको, रंगही नको. अमेरिकेच्या वनसेवेत काम केलेले अॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडं उभी चिरून आत काय होतं ते पाहिलं. झाड जखम भरून काढत नाही, तिच्याभोवती आतून भिंत घालून ती कोंडून टाकतं. वरून फासलेल्या लेपाने कूज थांबत नाही. छाट नीट असणं महत्त्वाचं. फांदीच्या बुडाशी सुजल्यासारखी एक कडी दिसते, तिला धक्का न लावता तिच्या लगेच बाहेर कापा. खुंट ठेवू नका आणि खोडाला सपाट घासूनही कापू नका. फांदी जड असेल तर आधी थोडं पुढे, खालून एक खाच घ्या आणि मगच वरून कापा, नाहीतर पडताना ती खोडाची साल सोलत जाते.

कललेलं झाड मनगटाएवढं असेल, तर मुळं सुकायच्या आत, दोन-चार दिवसांतच हळूहळू सरळ करा, माती भरा, पाणी द्या आणि रुंद पट्ट्याने सैलसर बांधा. तारेने नको, साल कापते. मोठ्या झाडाला दोर लावून ओढण्यात अर्थ नसतो. खालची तुटलेली मुळं त्याने जोडली जात नाहीत. ते धोक्याचं आहे का, हे जाणकाराला दाखवा. वाटेपासून लांब असेल तर तसंच राहू द्या. लंडनच्या क्यू बागेतला टर्नर्स ओक हा जुना वृक्ष 1987च्या त्याच वादळात मुळासकट उचलला गेला आणि पुन्हा जागच्या जागी बसला. बागेत इतकी पडझड झाली होती की त्याच्याकडे बघायला तीन वर्षं लागली. बघतात तो काय, झाड आधीपेक्षा टवटवीत! लोकांच्या पायांनी दगडासारखी झालेली माती त्या हिसक्याने मोकळी झाली होती.

प्रश्न : तुमच्या सल्ल्याने ओंडके तसेच ठेवले, तर शेजारच्या इमारतींतून तक्रारी येतात : कचरा केलाय, साप येतील. शिवाय आता रविवारी चौघेच उरलो आहोत.

उत्तर : चौघं पुरे आहेत, काम छोटं करा. सगळं रान तुमच्या डोक्यावर घेऊ नका, एकच तुकडा घ्या.

तक्रारींचं म्हणाल, तर लोकांना दिसते ती फक्त कड. वाटेलगत दोन-तीन पावलांची पट्टी स्वच्छ ठेवा, तिथल्या ओंडक्यांची टोकं सरळ कापून ते ओळीने लावा आणि एक पाटी लावा : 'हे लाकूड मुद्दाम ठेवलं आहे.' आतलं मग आतल्यासारखं राहू दे. कुजत्या लाकडात बुरशी, भुंग्यांच्या अळ्या, गोमी, पाली राहतात, आणि त्यांच्यामागे पक्षी येतात. साप येतो तो बहुधा उंदरांमागे, आणि उंदीर येतात खरकट्यामागे. तेव्हा लाकडाचा ढीग इमारतीच्या भिंतीला टेकवू नका, आणि तक्रार करणाऱ्यांना आपल्या कचऱ्याच्या डब्यांची झाकणं नीट बसतात का तेही पाहायला सांगा. हे जरा गोडीत सांगा, मला ते जमत नाही.

माणसं टिकवायची तर लागवडीच्या दिवशी नावं नोंदवून घेऊ नका. त्या दिवशी सगळेच येतात. कोरड्या महिन्यांत पाणी घालायला कोण येणार, ते आधी लिहून घ्या आणि तेवढीच रोपं लावा. खोडाभोवती चार बोटं जाड पाचोळा घाला, पण सालीला टेकवू नका, बुंधा कुजतो. आणि आधाराची काठी वर्षाने काढायची जबाबदारी आजच कोणाच्या तरी नावावर टाका. वाऱ्यात थोडं हललं तरच खोड जाड होतं.