समुद्री टँकचं सायकलिंग पूर्ण झालंय हे ओळखायचं कसं?

तुम्ही विचारलंय की पहिलाच समुद्री टँक आहे, १२० लिटरचा, पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतंय, दुकानदार म्हणतोय दोन-तीन दिवस फिल्टर चालवा आणि क्लाउनफिश सोडा, तर सोडू का. नका सोडू. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे स्वच्छ पाण्यावरून काहीच कळत नाही. मासा कल्ल्यांमधून सतत अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं कुजून होतो तो वेगळा, आणि समुद्री पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ असतो, पीएच जितका जास्त तितका अमोनिया जास्त विषारी रूपात राहतो, म्हणून गोड्या पाण्याच्या टँकमध्ये कसंबसं निभावतं ते इथे निभत नाही, कल्ले जळतात बिचाऱ्याचे.

सायकलिंग म्हणजे बॅक्टेरिया वाढवणं. एका प्रकारचे बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. ते राहतात दगडावर, वाळूवर, फिल्टर मीडियावर, आणि दुप्पट व्हायलाच त्यांना साधारण एक दिवस लागतो, म्हणून कोरड्या दगडापासून सुरुवात केली तर तीन ते सहा आठवडे धरूनच चाला. कोणाच्या जुन्या, निरोगी टँकमधला एखादा ओला दगड मिळाला तर विरजणासारखा उपयोग होतो, बरेच दिवस वाचतात. मात्र किनाऱ्यावरून प्रवाळाचे तुकडे उचलून आणू नका, प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. पाणीही जुहू-गिरगावचं नको, प्रदूषण आहेच आणि पावसाळ्यात खारटपणा उतरतो. आरओचं पाणी घ्या, पण घरच्या पिण्याच्या आरओत टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, बराच शिल्लक असतो, पुढे डीआय (उरलेले क्षार काढणारा फिल्टर) लावून शून्यावर आणा आणि मग समुद्री टँकसाठी मिळणारं मीठ मिसळा, रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारटपणा मोजायच्या उपकरणावर, विशिष्ट घनता १.०२५ यायला हवी.

आता या बॅक्टेरियांना खाद्य म्हणून अमोनिया कुठून आणायचा. काही जण कोळंबीचा तुकडा टाकतात, होतं त्याने, पण वास येतो आणि किती अमोनिया सुटतोय यावर आपला ताबा राहत नाही. मला अमोनियम क्लोराइड बरं वाटतं, १२० लिटरला पाऊण ग्रॅम टाकलं की साधारण २ पीपीएम (लिटरमागे २ मिलिग्रॅम) होतं, वजनकाटा बारीक मोजणारा हवा आणि टाकल्यावर टेस्ट किटने खात्री करा. ५ पीपीएमच्या वर नेऊ नका, सायकल अडकून बसते. बाटलीतले बॅक्टेरिया घेणार असाल तर समुद्री टँकचेच घ्या, आणि मे महिन्यात कुरियरने मागवू नका, उन्हात तापून मेलेले मिळाले तर पैसे पाण्यात. लाइट बंद ठेवा नाहीतर शेवाळ माजेल, पॉवरहेड (टँकमधलं पाणी फिरवणारा पंप) चालू ठेवा, तापमान २५ ते २७ अंश सेल्सियस.

आधी अमोनिया उतरेल, मग नायट्राइट चढेल. या काळात नायट्रेटची टेस्ट करून घाबरू नका, नायट्राइट असेल तर बहुतेक किट नायट्रेट उगाच खूप जास्त दाखवतात. दिवस मोजत बसू नका, खरी परीक्षा एकच, २ पीपीएम अमोनिया टाका आणि २४ तासांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येतात का बघा, दोनदा करून बघा. आले की मोठा वॉटर चेंज करून, म्हणजे बरंचसं पाणी बदलून, नायट्रेट खाली आणा. मध्ये कधीतरी वाळूवर तपकिरी थर येईल, ते डायटम, म्हणजे सूक्ष्म शेवाळ, असतात, जातात आपोआप.

डॅमसेल मासा टाकून सायकल करा असं कोणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका, एका जिवाला आठवडेच्या आठवडे विषात ठेवायची काही गरज नाही, अमोनियम क्लोराइडची पावडर मिळते की. क्लाउनफिश घ्याल तो हॅचरीत वाढवलेलाच मागा, आपल्याकडे सीएमएफआरआय या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांचं प्रजनन करून दाखवलेलं आहे, आणि असे मासे टँकमध्ये रुळतातही लवकर. एकदम चार नको, एक किंवा जोडी, मग निदान दोन आठवडे थांबा, कारण बॅक्टेरिया जेवढा अमोनिया मिळतो तेवढेच टिकतात. मासा मिळायला उशीर होत असेल तर दर दोन-तीन दिवसांनी थोडा अमोनिया देत राहा, आणि पाणी उडून कमी झालं की भर फक्त गोड्या आरओ-डीआय पाण्याचीच घाला, मीठ उडत नाही.