उन्हाळी भाजीपाला : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मेथांब्यात कैरीच्या फोडी कडक राहतात आणि रसही कडवट लागतो. काय चुकतं? (आर्वी, जि. वर्धा)

चुका दोन आहेत. गूळ लवकर पडला की फोडी कडक राहतात. गुळाच्या पाकात फोड मऊ होत नाही, मग कितीही उकळा, नुसता रस आटतो. म्हणून कैरी आधी शिजवा, गूळ मागाहून टाका.

अर्धा किलो सोललेल्या कैरीच्या अर्ध्या इंचाच्या फोडी करा. तीन मोठे चमचे तेलात मोहरी तडतडली की आच मंद करून एक लहान चमचा मेथीदाणे टाका. कडवटपणा इथेच येतो. दाणा बदामी झाला की लगेच हिंग, हळद आणि फोडी घाला. दाणे काळपट झालेच तर ती फोडणी टाकून द्या आणि नवी करा, कारण गूळ वाढवून जळक्या मेथीची चव झाकत नाही. मग अर्धी वाटी पाणी आणि दोन लहान चमचे मीठ घालून झाकण ठेवा. सहा ते आठ मिनिटांनी फोड चमच्याच्या कडेने सहज तुटली पाहिजे. आता 300 ग्रॅम चिरलेला गूळ (गावरान आंबट कैरी असेल तर 350) आणि दोन लहान चमचे तिखट टाका. गूळ विरघळला की रस एकदम पातळ दिसेल, तरी पीठबीठ लावू नका. पाच-सात मिनिटांत तो दाटतो आणि गार झाल्यावर आणखी घट्ट होतो, म्हणून थोडा सैल असतानाच उतरवा.

लोखंडी कढई मात्र नको. आंबटाने लोखंड उतरतं, मेथांबा काळा पडतो आणि त्याला धातूची चव येते. स्टीलचा गंज (पातेलं) बरा.

वाडीतल्या काकड्या मे महिन्यात कडू निघतात. टोक कापून घासलं की कडूपणा जातो का? दुधीही कधी कधी कडू लागतो. (मोर्शी, जि. अमरावती)

घासल्याने फेस येतो, कडूपणा जात नाही. ऊन आणि पाण्याचा ताण वाढला की काकडीत कुकुर्बिटासिन नावाचं कडू द्रव्य वाढतं. ते देठाकडे आणि सालीखाली जास्त असतं. म्हणून देठाकडचा दोन बोटं भाग कापा, साल जाडसर काढा आणि चाखून बघा. तरीही कडू लागली तर टाकून द्या. वेलाला एक दिवस भरपूर आणि चार दिवस कोरडं असं करू नका. पाणी नेमाने संध्याकाळी द्या आणि बुडाशी तणस किंवा गव्हांडा पसरा.

दुधी आणि दोडक्याच्या बाबतीत मात्र अजिबात तडजोड नको. चिरण्याआधी कच्चा कण जिभेवर ठेवा, कडू लागला तर थुंका आणि अख्खं फळ टाका. हे विष शिजवून जात नाही. कडू दुधीचा रस पिऊन उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी होऊन माणसं दगावलेली आहेत. चुकून पोटात गेलं आणि मळमळ किंवा कळा सुरू झाल्या तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. कारल्याचा कडूपणा निराळा, त्याला हे लागू नाही.

फ्रिज नाही. सकाळचा सांभार (कोथिंबीर) दुपारपर्यंत मरगळतो. (सिंदेवाही, जि. चंद्रपूर)

आणल्याबरोबर धुऊ नका. पिवळी पानं काढा, मुळांचं टोक कापा आणि जुडी बोटभर पाण्याच्या गिलासात उभी ठेवा. वरून ओलं सुती फडकं सैल टाका. गिलास माठाजवळच्या ओल्या वाळूत रोवा. पानं पाण्यात बुडाली तर सडतात, देठच बुडू द्या. पाणी रोज बदला.

पन्ह्यासाठी कैरी उकडावी की भाजावी? (साकोली, जि. भंडारा)

चुलीत निखारे असतील तर भाजा, धुरकट चव येते. साल सगळीकडून काळी होऊन कैरी दाबल्यावर मऊ लागेपर्यंत फिरवत राहा, नाहीतर कोयीजवळ कच्ची राहते. एक वाटी गराला सव्वा वाटी गूळ, एक लहान चमचा मीठ, अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड. हा अर्क काचेच्या बरणीत ठेवा. पाणी पिताना घाला, आधी मिसळलेलं पन्हं या उन्हात संध्याकाळपर्यंत फसफसतं.