‘टोप’ म्हणजे टोपी, केस की पातेलं?

तुम्ही विचारलंय की मुंबईत तुमच्या घरी टोप म्हणजे पातेलं, नाटकात टोप म्हणजे खोटे केस आणि जिरेटोप म्हणजे डोक्यावरचं शिरस्त्राण, तर मग हा शब्द मुळात कशाचा?

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या एका नाटक कंपनीत रंगभूषा करतो. दिवाळी झाली की झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, गावोगावी मंडई म्हणजे जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत आणि रात्री नाटक. पडदा उघडला की उजाडेपर्यंत चालायचं. टोप माझ्या पेटीतलं रोजचं सामान आहे, म्हणून तिथूनच सांगतो.

महाराजांची भूमिका करणाऱ्या नटाचे केस आधी मागे चापून बसवतो, वरून फडकं घट्ट बांधतो. मग टोप दोन्ही हातांत धरून कपाळापासून मागे ओढत मानेपर्यंत आणायचा. कपाळावरची कड गमनं चिकटवली, तिच्यावर रंग चढवला की शिवण दिसत नाही. हा केसांचा टोप. त्यावर जिरेटोप चढतो. एकाच डोक्यावर टोपावर टोप, आणि दोन्ही शब्द बरोबर! कारण वरून घालायचं, झाकायचं आणि काम झालं की उतरवून ठेवायचं, ते टोप. म्हणूनच बाईचा खोपा, अंबाडा किंवा शेंडी कधी टोप होत नाही. ते डोक्याचं स्वतःचं. शेंडीचं घराणंच निराळं. ती संस्कृत ‘शिखंड’वरून आलेली, आणि तुरीचा आपण खुडतो तो शेंडा तिचाच भाऊ. गंमत एवढीच, की फसवायचं असलं की मराठी माणूस टोपीही घालतो आणि शेंडीही लावतो.

टोपाचं गोत मोठं आहे: टोपी, तान्ह्याचं टोपडं, पेनाचं टोपण. टोपणनावही त्यातलंच, खऱ्या नावावर चढवलेलं. टोपी हिंदी, गुजराती, कन्नडातही आहे. पागोट्यांच्या मुलखात हॅट घालून आलेल्या गोऱ्यांना आपल्या लोकांनी ‘टोपीकर’ म्हटलं. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्र’ या मराठेशाहीतल्या राजनीतीच्या ग्रंथात हा शब्द इंग्रज, फिरंगी (पोर्तुगीज), वलंदेज (डच) सगळ्यांसाठी आहे. पुढे इंग्रजांनी हा शब्द स्वतःच उचलला. त्यांची ‘सोला टोपी’ उन्हासाठी असली तरी ‘सोला’चा उन्हाशी संबंध नाही; सोला किंवा शोला ही पाणथळीतली वनस्पती, तिच्या हलक्या गाभ्याची ती टोपी. तसंच जिरेटोपातलं ‘जिरे’ फोडणीतलं नव्हे. फारसी ‘जिरिह’ म्हणजे साखळ्यांचं चिलखत, त्यावरून ते आलं.

राहिलं पातेलं. आमच्याकडे त्याला गंज म्हणतात, चहासुद्धा गंजातच उकळतो. एका हंगामात मुंबईच्या बाईंनी पाणी तापवायला टोप मागितला, तर आमच्या पोरानं पेटीतला लांब केसांचा टोप काढून, झटकून, नीट विंचरून नेऊन दिला. बिचाऱ्याचं काय चुकलं?

पण भांडं आणि टोपी यांची सांगड विदर्भाला नवी नाही. अमरावती जिल्ह्यात 1876 साली जन्मलेले आमचे गाडगेबाबा आठवा: डोक्यावर झिंज्या आणि त्यावर खापराच्या तुकड्याची टोपी. ज्या गाडग्यात जेवायचं त्यावरूनच लोकांनी त्यांना नाव दिलं. त्यांची भूमिका असली की मी झिंज्यांचा टोप आधी बसवतो आणि खापर त्यावर ठेवतो. खापर कुंभाराकडून खरंच आणतो. पुठ्ठ्याचं रंगवून चालवता येतं, पण खऱ्या खापराखाली नटाची मान आपोआप सरळ राहते, आणि बाबा चालायला लागले की मागच्या रांगेतली म्हातारी माणसं हात जोडतात.