शेपटीखालचं जुनाट दुखणं: वाचकांचे प्रश्न

या वेळचे सगळे प्रश्न कुत्र्याच्या एकाच जागेबद्दलचे आहेत. त्या जागेबद्दल चारचौघांत बोलायला लोक लाजतात आणि घरात शेपटी उचलून बघायचं टाळतात. त्यामुळे कुत्रा दवाखान्यात येईपर्यंत दुखणं महिनोन्‌महिने जुनं झालेलं असतं आणि तोवर घरातल्या सगळ्या ट्यूब लावून झालेल्या असतात.

निफाड: द्राक्षबागेत राखणीला सहा वर्षांचा जर्मन शेफर्ड आहे, वजन ३२ किलो. शेपटीखाली भोकं पडून पू येतो, घाण वास येतो. अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले. गोळ्या चालू असतात तोवर बरं, मग पुन्हा तेच. लोक म्हणतात भगंदर आहे, क्षारसूत्र करून घ्या. करावं का?

करू नका. दिसायला भगंदरासारखंच दिसतं, पण माणसाचं भगंदर बहुतेक वेळा गुदाजवळच्या ग्रंथीत जंतुसंसर्ग होऊन तयार होतं आणि त्याचा मार्ग सहसा एकच असतो, म्हणून दोरा घालून तो उघडता येतो. तुमच्या कुत्र्याला जे झालंय असं वर्णनावरून वाटतं, त्यात स्वतःची प्रतिकारशक्तीच गुदाभोवतीच्या कातडीवर उठलेली असते. एक भोक बुजतं, शेजारी दोन उघडतात. जंतू मागाहून येऊन बसतात. अँटिबायोटिकने ते मरतात, पू आणि वास कमी होतो आणि आपल्याला वाटतं आजार गेला. मूळ आग तशीच धुमसत असते. तीन कोर्स का फसले, त्याचं कारण हेच. हा आजार सर्वांत जास्त जर्मन शेफर्डमध्येच दिसतो. पूर्वी यावर शस्त्रक्रिया व्हायच्या, अगदी शेपटीही कापायचे. आजार परतायचा तो परतायचाच, वर काही कुत्र्यांचा शौचावरचा ताबा जायचा.

आता पहिलं औषध सायक्लोस्पोरिन, प्रतिकारशक्तीला आवर घालणारं. सर्वसाधारण डोस किलोला ५ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा; फार पसरलेल्या आजारात सुरुवातीला तेवढाच डोस दोनदाही देतात. ३२ किलोला हिशेब १६० मिलिग्रॅमचा येतो, त्याच्या जवळचं म्हणून १०० आणि ५० ची एकेक कॅप्सूल. कॅप्सूल फोडायची नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दुखणं उतरतं: कुत्रा शेपटी उचलू देतो, शी करताना किंचाळत नाही. पण जखमा भरायला आठ ते बारा आठवडे लागतात, कधी जास्तही. बहुतेक जणांची चूक इथेच होते. वरून कातडी मिटलेली दिसली की औषध बंद करतात, आणि आत पोकळी तशीच राहिलेली असते. शेवटचं भोक बुजल्यावर आणखी चार आठवडे पूर्ण डोस, मग एक दिवसाआड, अशा क्रमाने उतरायचं. काही कुत्र्यांना थोडा डोस कायम लागतो, ते धरून चाला.

औषध महाग आहे. म्हणून काही डॉक्टर सोबत किटोकोनाझोल देतात. ते यकृतात सायक्लोस्पोरिनचं विघटन मंदावतं, त्यामुळे सायक्लोस्पोरिन साधारण निम्म्यावर भागतं. पण ही जोडी स्वतःच्या मनाने जुळवायची नाही. आधी यकृत-मूत्रपिंडाची रक्त तपासणी, चार आठवड्यांनी पुन्हा.

सुरू करण्याआधी एकदा भूल देऊन नीट तपासणी करून घ्या. शुद्धीवर असताना हा कुत्रा शेपटी उचलूच देणार नाही, आणि तिथे गुदग्रंथीचं गळू किंवा गाठ तर नाही ना, हे बघणं भाग आहे. त्याच भुलीत भोवतालचे केस मशीनने बारीक कापून घ्या. घरी रोज दोनदा कोमट मिठाच्या पाण्याने धुवायचं: एक लिटर उकळून निववलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट दीड चहाचा चमचा. बोळ्याने घासायचं नाही. सुई काढलेल्या २० मिलीच्या सिरिंजने धार सोडायची आणि गॉझने टिपून घ्यायचं. हळद, कडुलिंबाचं तेल, जळालेलं इंजिन ऑइल यातलं काहीही नको. कुत्रा ते चाटतो, आणि ऑइलने कातडी आणखी जळते.

हाडं बंद करा. हाडं खाल्लेल्या कुत्र्याची शी खडूसारखी कडक होते आणि या जखमांवरून जाताना त्याचा जीव जातो. १० किलोला एक चहाचा चमचा इसबगोल, भरपूर पाण्यात फुगवून जेवणात. या कुत्र्यांपैकी अनेकांना आतड्याची सूजही असते: शी पातळ, वर शेंबडासारखा चिकट थर. तसं असेल तर डॉक्टरांना सांगा, आहार बदलावा लागेल. आणि बागेतला कुत्रा आहे म्हणून सांगतो, गळालेली द्राक्षं आणि बेदाणे त्याच्या तोंडी लागू देऊ नका. द्राक्षाने कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

देवळाली कॅम्प: आमच्या शेफर्डला याच आजारासाठी सायक्लोस्पोरिन आणि किटोकोनाझोल चालू आहे. रोज उलटी करतो. गोचिडांसाठी दर वर्षीप्रमाणे आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन द्यायचं आहे. चालेल ना?

इंजेक्शन अजिबात नको. मेंदूत औषध शिरू नये म्हणून तिथे एक प्रकारचा पहारेकरी पंप असतो. तुमच्या चालू असलेल्या दोन्ही औषधांनी तो पंप मंदावतो. मग एरवी सोसलं असतं ते आयव्हरमेक्टिन मेंदूत साचतं: बाहुल्या मोठ्या होतात, लाळ गळते, कुत्रा थरथरतो, झोकांड्या खातो, बेशुद्धही पडतो. काही शेफर्डमध्ये तो पंप जन्मतःच कामाचा नसतो. गोचिडांसाठी फिप्रोनिलचे मानेवर टाकायचे थेंब किंवा फ्लुरालानरची गोळी हा पर्याय डॉक्टरांशी बोलून ठरवा. आधी कधी फिट आली असेल तर ते गोळीच्या आधी सांगा.

उलटीचं म्हणाल तर सायक्लोस्पोरिनने ती पहिल्या एक-दोन आठवड्यांत अनेकांना होते. नियमाने ते रिकाम्या पोटी द्यायचं, जेवणाच्या दोन तास आधी किंवा नंतर. पण उलटीत कॅप्सूलच बाहेर पडत असेल तर त्या नियमाला अर्थ नाही. आठवडाभर दोन घास भाताबरोबर द्या, किंवा कॅप्सूल अर्धा-पाऊण तास फ्रीझरमध्ये ठेवून द्या. या युक्तीने बऱ्याच कुत्र्यांची उलटी थांबते. तरीही थांबली नाही, खाणं सुटलं किंवा डोळे पिवळे दिसले तर औषध थांबवून त्याच दिवशी फोन करा.

दोन गोष्टी विचारल्या नाहीत, तरी सांगतो. डिस्टेंपर-पार्व्होची लस जिवंत विषाणूंची असते, ती या काळात पुढे ढकला. रेबीजची लस मृत विषाणूंची असते, ती देता येते. जखमा थोड्या उरल्या की टॅक्रोलिमस ०.१ टक्के मलम दिवसातून दोनदा, हातमोजे घालून, पातळसा थर. नंतर चाटू नये म्हणून अर्धा तास गळ्यात शंकू. सायक्लोस्पोरिन उतरवताना हे मलम बरंच ओझं उचलतं.

सिडको: आमचा पग मागचा भाग फरशीवर घासत चालतो. ग्रूमरकडे दर महिन्याला ग्रंथी दाबून घेतो, तरी आठवड्यात पुन्हा सुरू. घरीच शिकून आठवड्याला दाबावं का?

उलट करा, दाबणं कमी करा. गुदद्वाराला घड्याळाची तबकडी समजा: चार आणि आठच्या जागी कातडीखाली एकेक पिशवी असते. घट्ट शी बाहेर पडताना ती आपोआप दाबली जाते आणि रिकामी होते. चांगल्या पिशव्या दर महिन्याला चिरडल्या की आतलं अस्तर सुजतं, सुजेने तोंड बंद होतं, स्राव साचतो, कुत्रा घासतो आणि आपण पुन्हा दाबतो. हे चक्र माणूसच फिरवत बसलेला असतो.

एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्या आणि बाहेर काय येतं ते स्वतः बघा. पातळ, पिवळट-तपकिरी आलं तर पिशवी बरी आहे, खाज दुसरीकडून आहे, बहुधा ॲलर्जीची. टूथपेस्टसारखं जाड आलं तर तुंबलेली. पू किंवा रक्त आलं तर आत संसर्ग आहे. मग गुंगी देऊन पिशवी सलाइनने धुतात आणि आत औषध भरतात, एक-दोन आठवड्यांच्या अंतराने दोन-तीन वेळा. घरी इसबगोल किंवा दोन चमचे उकडलेला लाल भोपळा रोज द्या, आणि पग जाड असेल तर वजन उतरवा.

बाजूला लाल, टणक, गरम फुगवटा आला तर ते गळू. ते दाबायचं नाही, आत फुटतं. गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने दहा मिनिटं शेक देत दवाखान्यात न्या. दुखतं म्हणून माणसाची आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी देऊ नका, कुत्र्याच्या पोटात अल्सर होऊन रक्तस्राव होतो.

गंगापूर रोड: चार वर्षांची लॅब्रॅडॉर. शेपटीखालची कातडी काळी, जाड, हत्तीच्या कातडीसारखी झाली आहे. तेलकट, आंबूस वास. पंजेही चाटते, कान वारंवार बिघडतात. स्टिरॉइडच्या गोळीने आठ दिवस बरं असतं.

कान, पंजे आणि शेपटीखाली, हे त्रिकूट एकत्र आलं की ॲलर्जीचा संशय आधी घ्यायचा. काळी-जाड कातडी म्हणजे फार दिवस चाटून, घासून झालेली, आणि आंबूस वास बहुधा मॅलॅसेझिया या यीस्टचा. खात्री करायला पाच मिनिटं लागतात: पारदर्शक सेलोटेप कातडीवर दाबायची, रंगवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. भुईमुगाच्या शेंगेच्या आकाराच्या पेशी ढिगाने दिसल्या की निदान पक्कं. ही तपासणी न करता कितवी तरी ट्यूब लिहून दिली तर विचारा, टेप का नाही घेतली.

यीस्टवर २ टक्के क्लोरहेक्सिडिन आणि २ टक्के मायकोनाझोल असलेला शाम्पू, आठवड्यातून दोनदा, तीन-चार आठवडे. शाम्पू फसतो तो वेळेमुळे. फेस कातडीवर दहा मिनिटं राहिलाच पाहिजे; अंदाज नको, मोबाइलचा टायमर लावा. सगळं अंग धुवायची गरज नाही, मागचा भाग, मांड्यांची आतली बाजू आणि पंजे पुरे. नंतर नीट कोरडं करा, पावसाळ्यात तर पंख्याखाली बसवूनच. नाशिकच्या जुलै-ऑगस्टात ओलसर राहिलेल्या घडीत यीस्ट दोन दिवसांत परततं.

यीस्ट गेलं की अर्धं काम झालं. ॲलर्जी कशाची, ते उरतंच. बारा महिने सारखी खाज असेल तर आहार-चाचणी घ्या. पूर्ण आठ आठवडे फक्त असं अन्न, जे तिने आयुष्यात खाल्लेलं नाही. चिकन, दूध-दही आणि पोळी हे नेहमीचे संशयित आहेत आणि आपल्याकडच्या बहुतेक कुत्र्यांच्या ताटात हे तिन्ही असतात. मासे कधीच दिले नसतील तर काटे काढलेला उकडलेला मासा आणि रताळं. घरात मासे शिजत नसतील तर हायड्रोलाइज्ड (म्हणजे बारीक तुकड्यांत फोडलेल्या) प्रथिनांचं खाद्य, ते डॉक्टरांकडून मागवा. घरचं ताट चाचणीपुरतंच, कायम द्यायचं तर त्यात कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं जोडून घ्यावी लागतात.

चाचणी मोडते ती ताटाबाहेर. आजोबा चहात बुडवलेलं बिस्किट देतात, कामवाल्या ताई पोळीचा तुकडा टाकतात, जंताची गोळी चिकनच्या चवीची निघते. फ्रिजवर कागद चिकटवा आणि घरातल्या प्रत्येकाला सांगा. आठ आठवड्यांनी खाज कमी झाली तर जुनं खाणं पुन्हा सुरू करा, हे टाळू नका: दोन आठवड्यांच्या आत खाज परतली तरच अन्नाची ॲलर्जी सिद्ध होते. फरकच पडला नाही तर धूळ-परागांची ॲलर्जी धरून खाज आवरणारं ओक्लासिटिनिब, किलोला ०.४ ते ०.६ मिलिग्रॅम, पहिले १४ दिवसांपर्यंत दोनदा, मग एकदा. स्टिरॉइडच्या गोळ्या असंच आठ-आठ दिवस देत राहिलात तर कातडी पातळ होईल, भूक-तहान वाढेल आणि खाजेचं कारण कधीच कळणार नाही.

पंचवटी: अकरा वर्षांचा नर पॉमेरेनियन. गुदाशेजारी हरभऱ्याएवढी गाठ होती, आता सुपारीएवढी झाली, चाटून रक्त येतं. या वयात ऑपरेशन झेपेल का? गोळ्यांनी जाईल का?

गोळ्यांनी जाणार नाही. नसबंदी न झालेल्या म्हाताऱ्या नरात तिथली गाठ बहुतेक वेळा साधी असते, टेस्टोस्टेरॉनवर वाढणारी. वृषणं काढली की लहान गाठ काही आठवड्यांत आक्रसते. रक्त येणारी मोठी गाठ त्याच भुलीत काढतात. इथे माणसासारखी फक्त नळी बांधून भागत नाही, हार्मोन तसंच राहतं. आधी सुईने पेशी काढून तपासा आणि डॉक्टरांना बोट घालून आतूनही बघायला सांगा. गुदग्रंथीचा कर्करोग बाहेरून दिसत नाही. कुत्रा अलीकडे फार पाणी पीत असेल तर रक्तातलं कॅल्शियम मोजून घ्या, त्या कर्करोगात ते वाढतं. भुलीसाठी रक्ताची तपासणी आणि छातीचा एक्स-रे चांगला आला तर अकरा वर्षं ही अडचण नाही. सुपारीचं लिंबू होईपर्यंत थांबलात तर मात्र गुदाचा स्नायू वाचवणं कठीण जातं.

सातपूर: गुदाभोवती तांदळाच्या दाण्यासारखं काही चिकटलेलं दिसतं, कधी हलतं. घासतोही.

टेपवर्मचे तुकडे आहेत, वाळले की तिळासारखे दिसतात. प्राझिक्वांटेल किलोला ५ मिलिग्रॅम. हा जंत पिसू गिळल्याने होतो, म्हणून पिसवांचा बंदोबस्त तीन महिने, अंथरूण गरम पाण्यात धुऊन. नुसती जंताची गोळी दिलीत तर महिन्याभरात दाणे परत दिसतील.

सिन्नर: पावसात शेपटीखाली भोक पडलं, आत वळवळ दिसते. फिनाइल ओतलं तर मरतील का?

अळ्या मरतील, पण फिनाइलने मांसही जळेल आणि ते अंगात शोषलं जाईल. आजच न्या. केस कापून, चिमट्याने एकेक अळी काढून, सलाइनने धुवावं लागतं, आणि आत राहिलेल्यांसाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा. शी लागून चिकटलेले ओले केस पाहून माशी तिथे अंडी घालते, म्हणून लांब केसांच्या कुत्र्याचा तो भाग मृगाच्या आधीच कापून ठेवायचा.