निर्गुंडीचा पाला तपासायचा, म्हणजे काय शिकायचं?

पत्र: आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. मी विड्या वळते, मिस्टर यंत्रमागावर आहेत. मुलीची बारावी सायन्सची परीक्षा झाली, सीईटीही दिली आहे. संध्याकाळी माझी मनगटं ठणकतात, कधी सुजतात. सासूबाई वाविलीचा, म्हणजे निर्गुंडीचा पाला गरम करून बांधतात आणि मला बरं वाटतं. मुलगी म्हणते, ‘यानं दुखणं खरंच थांबतं का, सूज उतरते का, हे मला तपासायचंय.’ दीर म्हणतात, डी. फार्मसी करून मेडिकल टाकू दे. उंदरांवर प्रयोग करावे लागतात हे कळल्यापासून तीही बिचकली आहे. या कामात पोट भरेल का? – एक आई

ताई, तुमच्या मुलीचा प्रश्न पक्का आहे. पाला बांधल्यावर तुम्हाला बरं वाटतं, ते खरंच. पण पाला गरम असतो आणि नुसत्या शेकानंही आराम पडतो. शिवाय पाला बांधलेला असतो तेवढा वेळ तुम्ही विड्या वळत नाही, हाताला विश्रांती मिळते. मग गुण शेकाचा, विश्रांतीचा की वाविलीचा? हे तीन धागे सोडवणं, हेच ते काम.

सुरुवात झाडाच्या ओळखीपासून होते. ‘रास्ना’ या एकाच नावानं आपल्या देशात वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात. म्हणून फांदी दाबून, वाळवून वनस्पतिशास्त्रज्ञाकडून तिची ओळख पटवून घेतात आणि तो नमुना जपून ठेवतात. मग पाला सावलीत वाळवायचा, भुकटी करायची, पाणी, अल्कोहोल किंवा दुसऱ्या द्रावकात अर्क काढायचा आणि द्रावक उडवून घट्ट अर्क तोलायचा.

सूज मोजायची एक जुनी, रुळलेली चाचणी आहे. कॅराजीनन हा लाल समुद्री शेवाळापासून मिळणारा पदार्थ. त्याचं १ टक्क्याचं द्रावण, जेमतेम ०.१ मिलिलिटर, पांढऱ्या उंदराच्या, म्हणजे रॅटच्या, मागच्या पंजात टोचतात. पंजा काही तासांत सुजतो. प्लेथिस्मोमीटर नावाच्या उपकरणात पंजा बुडवून दर तासाला त्याचं आकारमान मोजतात. एका गटाला अर्क देतच नाहीत, एका गटाला डायक्लोफेनॅक किंवा इंडोमेथासिनसारखं सूज उतरवणारं माहितीचं औषध देतात आणि बाकीच्या गटांना अर्काच्या वेगवेगळ्या मात्रा. मग तुलना.

वेदनेची चाचणी वेगळी. साधारण ५५ अंश सेल्सियसच्या तापलेल्या पट्टीवर ठेवलेला उंदीर किती सेकंदांनी पंजा चाटतो किंवा उडी मारतो, ते बघतात. इजा होऊ नये म्हणून ठरावीक सेकंदांनंतर त्याला उचलतातच. पण इथे एक फसगत होऊ शकते. अर्कानं उंदराला गुंगी आली तरी तो पंजा उशिरा हलवतो. म्हणून फिरत्या दांड्यावर त्याचा तोल टिकतो का, हेही पाहावं लागतं. ते न पाहता ‘वेदना कमी झाली’ असं लिहिलेले प्रबंध वाचले की मला वाईट वाटतं. एवढा जीव घेऊन अर्धंच उत्तर मिळवायचं?

मात्रेचंही तसंच. रॅटच्या दर किलो वजनाला २०० मिलिग्रॅम अर्क देऊन गुण आला, असं समजा. माणसाची मात्रा ढोबळमानानं काढायला त्याला ६.२ नं भागतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला जवळपास २ ग्रॅम अर्क झाला. भुकटीच्या १० टक्के अर्क निघतो असं धरलं, तर रोज सुमारे २० ग्रॅम वाळलेला पाला पोटात घ्यावा लागेल. आणि सासूबाई तर पाला बाहेरून बांधतात! पोटातून दिलेल्या अर्काचा निकाल मनगटावरच्या पोटिसाला तसाच लागू होत नाही. तुमच्या मुलीनं ‘बांधतात तसंच तपासायचं’ असं ठरवलं, तर तिला प्रयोगाची मांडणी मुळापासून वेगळी करावी लागेल.

उंदरांबद्दल ती बिचकली, हे मला आवडलं. असे प्रयोग कुणालाही मनात आलं म्हणून करता येत नाहीत. केंद्र सरकारच्या सीसीएसईए या समितीकडे नोंद असलेलं प्राणीगृह लागतं, प्रत्येक प्रयोगाला संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी लागते आणि किती प्राणी, कशासाठी, याचं उत्तर आधी द्यावं लागतं. पदवीच्या प्रात्यक्षिकांत आता बराच भाग संगणकावरच शिकवतात. काचपात्रातल्या चाचण्याही आहेत. अंड्याच्या पांढऱ्यातलं प्रथिन तापवल्यावर बिघडतं, ते अर्क थोपवतो का, ही त्यातली सर्वांत स्वस्त. चाळणी म्हणून ती ठीक आहे, पण तेवढ्यावरून सूज उतरते म्हणणं मला पटत नाही. तिला प्राण्यांना हात लावायचाच नसेल, तर अर्कातली द्रव्यं वेगळी करून ओळखायची बाजू आहे आणि तिथे माणसं लागतात. सांधेदुखीच्या ‘शुद्ध आयुर्वेदिक’ म्हणून विकलेल्या पुड्यांत स्टेरॉइड किंवा डायक्लोफेनॅक मिसळलेलं सापडण्याचे प्रकार घडलेले आहेत. ती भेसळ पकडणं हे रोजगाराचंही काम आहे आणि लोकांच्या जिवाचंही.

आता वाट. माझं मत स्पष्ट आहे: बी. फार्मसी, चार वर्षं. दिरांचं म्हणणं मी मोडीत काढत नाही. डी. फार्मसी दोन वर्षांत होते आणि नंतर बी. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळू शकतो. पण त्या वाटेनं एकूण पाच वर्षं जातात, आणि मेडिकल दुकान तर बी. फार्मसीवरही टाकता येतं. पदवी असली की औषध कंपन्यांचा गुणवत्ता विभाग, सरकारी रुग्णालयं, पुढे औषध निरीक्षकाची परीक्षा, हे सगळं खुलं राहतं. शेवटच्या सत्रात प्रकल्प असतो, तिथे वाविली घेता येईल. पुढे जीपॅट ही प्रवेशपरीक्षा देऊन एम. फार्म., म्हणजे पदव्युत्तर पदवी. प्राण्यांवर चाचण्या करायच्या असतील तर फार्माकॉलॉजी, झाडांकडे ओढ असेल तर फार्माकॉग्नोसी. पात्र विद्यार्थ्यांना एम. फार्मला महिना १२,४०० रुपये शिष्यवृत्ती मिळते. बी.एस्सी., एम.एस्सी.ची वाटही चांगली आहे, पण तिच्यात कमाई उशिरा सुरू होते. घरी दोघंही रोजच्या मजुरीवर असताना मी ती पहिली सुचवणार नाही.

फीची काळजी करू नका, कागदांची करा. २०२४-२५ पासून राज्यात ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या, मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क माफ आहे. अट ही, की प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून हवा, व्यवस्थापन कोट्यातून नको. कुणी ‘सीट आत्ताच पक्की करून देतो’ म्हणालं, तर पैसे देऊ नका.

तिच्याशी मात्र एक गोष्ट आधीच बोला. माझ्याकडे पूर्वी आलेली एक मुलगी एम. फार्मला सहा महिने एका पाल्यावर राबली आणि सूज रेसभरही उतरली नाही. ती रडत आली. मी म्हटलं, आकडे आहेत तसेच लिही. तिनं लिहिले. आजीच्या वाविलीचं तसंच निघालं, तर तुमच्या मुलीला ते घरी येऊन सांगता येईल का? येईल असं ती म्हणाली, तर ती या कामाची आहे. आणि वेळ लागतो, हेही सांगा. बायर कंपनीत ॲस्पिरिन तयार झालं १८९७ मध्ये, पण ते शरीरात नेमकं काय करतं हे जॉन वेन यांनी दाखवलं १९७१ मध्ये. तोवर पाऊणशे वर्षं लोक ते घेतच होते.

तुमच्या मनगटाचंही बोलतो. रात्री बोटांना मुंग्या येत असतील, बधिर होत असतील, पकड सुटत असेल, तर नस दबलेली असू शकते. पाला बांधा, पण एकदा सिव्हिलमध्ये दाखवून या.

निकाल लागेपर्यंत तिला रिकामं बसवू नका. वाविलीची फुलोऱ्यासकट फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवू द्या आणि शहरातल्या एखाद्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या सरांना दाखवून आणू द्या. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या कामगार मंत्रालयाची वेगळी शिष्यवृत्ती आहे. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर अर्ज करायचा असतो आणि त्याला तुमचं विडी कामगार ओळखपत्र लागतं. कार्डावरचं तुमचं नाव आधारशी जुळतं का, ते आजच बघा.