मुलाचा रक्तदाब आणि वडिलांचा वारसा

प्रश्न : माझा मुलगा पंधरा वर्षांचा असून यंदा दहावीला आहे. शाळेतील आरोग्य तपासणीत त्याचा रक्तदाब १२८/७८ निघाला. उंचीच्या मानाने त्याचे वजन जास्त आहे आणि त्याच्या वडिलांना चाळिशीच्या आतच बीपीची गोळी सुरू झाली. मुलालाही पुढे हाच आजार होणार का, हे आताच सांगता येते का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आजार होणारच असे सांगता येत नाही, पण शक्यता इतर मुलांपेक्षा अधिक आहे, हे मान्य करूनच पुढचा विचार करावा.

तेरा वर्षांनंतर वरचा आकडा १२० ते १२९ आणि खालचा ८०च्या आत असेल, तर त्याला ‘वाढलेला रक्तदाब’ म्हणतात. १३०/८० किंवा त्याहून अधिक आकडा तीन वेगवेगळ्या भेटींत आढळला, तरच उच्च रक्तदाबाचे निदान होते. शाळेच्या गर्दीत, जिना चढून आलेल्या मुलाच्या जाड दंडावर लहान पट्टा आवळला, की आकडा उगाचच वर जातो. म्हणून पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसवून, उजवा दंड छातीच्या पातळीवर ठेवून आणि दंडाला पुरेसा मोठा पट्टा बांधून पुन्हा मोजून घ्यावे.

लहानपणीचा रक्तदाब मोठेपणी कितपत टिकतो, याचा पन्नास अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही वयांतील आकडे तंतोतंत जुळले तर संबंध १ धरायचा, अशा मापात वरच्या रक्तदाबाचा संबंध सुमारे ०.३८ आणि खालच्याचा ०.२८ भरला. म्हणजे संबंध निश्चित आहे, पण एकट्या आकड्यावरून भाकीत करण्याइतका तो घट्ट नाही. फिनलंडमध्ये १९८० पासून ज्या मुलांचा मोठेपणापर्यंत पाठपुरावा झाला, त्यांच्यात बालपणीचा रक्तदाब, जास्त वजन आणि आईवडिलांचा उच्च रक्तदाब या गोष्टी एकत्र पाहिल्यावर अंदाज अधिक नेमका ठरला. आपल्या मुलात तिन्ही आहेत, म्हणूनच मी ‘काळजी करू नका’ असे लिहीत नाही.

तरीही मला सर्वांत मोलाचा वाटतो तो २०११ सालचा निष्कर्ष. अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडमधील अभ्यास एकत्र केल्यावर असे दिसले, की लहानपणी वजन जास्त असूनही जे मोठेपणी लठ्ठ राहिले नाहीत, त्यांचा उच्च रक्तदाबाचा धोका कधीच लठ्ठ नसलेल्यांइतका खाली आला होता. वडिलांचा वारसा बदलता येत नाही, वजन बदलता येते.

त्यामुळे दहावीचे वर्ष आहे म्हणून त्याचा फुटबॉल बंद करू नका. रोज तासभर तरी त्याने घाम गाळावा आणि झोपेत कपात करू नये. घरचा तांबडा-पांढरा रस्सा सोडण्याची गरज नाही, पण मीठ बेताचे असावे, आणि लोणचे, पापड, फरसाण व वेफर्समधून नकळत पोटात जाणारे मीठही हिशोबात धरावे. सहा महिन्यांनी रक्तदाब पुन्हा मोजावा. तो १३०/८०च्या वर राहू लागला, तर बालरोगतज्ज्ञांकडून मूत्रपिंडांचीही तपासणी करून घ्यावी. तेव्हा जन्मवेळच्या वजनाची नोंद सोबत न्यावी, कारण कमी वजनाने जन्मलेल्या मुलांत पुढे रक्तदाब वाढण्याचा संभव अधिक असतो.